एक डियर, दोन डियर

मे महिन्याच्या सुट्टीत आमची सई पुण्याहून आली ती गाल फुगवूनच. बॅग ओसरीवर टाकली, माठातलं दोन पेले पाणी प्यायली आणि घडी घातलेला चाचणीचा पेपर माझ्यापुढे धरला.

"आबा, तुम्ही शाळेत इंग्रजी शिकवायचात ना? मग सांगा, यात काय चुकलं?"

पेपरात एक चित्र होतं. तळ्यावर दोन हरणं पाणी पितायत. खाली त्यावर वाक्य लिहायचं होतं. सईनं 'टू डियर्स' लिहिलं होतं आणि त्या शेवटच्या 'एस'वर एक ठसठशीत लाल रेघ होती. अर्धा गुण कापलेला.

"अख्ख्या प्रवासात हेच चाललंय," धाकटा अर्णव म्हणाला. "अर्ध्या मार्काचं रडगाणं."

"तू गप्प बस! कॅट्स चालतं, डॉग्ज चालतं, टायगर्स चालतं. मग डियरनंच काय घोडं मारलंय?"

"बाईंचं बरोबर आहे," मी म्हणालो. सईचे गाल आणखी फुगले. "पण तुझा प्रश्न अर्ध्या गुणापेक्षा मोठा आहे. त्याचं उत्तर द्यायला मला एक रात्र, एक सकाळ आणि एक संध्याकाळ लागेल. आहे का तेवढी सवड?"

सुट्टीच होती. सवडीला काय तोटा!

रात्र

आमचं गाव नवेगावच्या रानाला लागून. मे महिन्यात घरात झोपणं म्हणजे भट्टीत झोपणं. म्हणून अंगणात पाणी शिंपडून खाटा टाकल्या. जेवणं लवकर आटोपली होती. पश्चिमेकडे अजून थोडा उजेड रेंगाळत होता.

"सई, वाघाचं अनेकवचन काय?"

"वाघ."

"एक वाघ, दोन?"

"दोन वाघ." ती एकदम उठून बसली. "अरेच्चा!"

"एक दगड, दोन दगड. एक पेरू, दोन पेरू. मराठीत आपण हे दिवसभर करतो आणि कुणी अर्धा गुण कापत नाही. हजारेक वर्षांपूर्वीची इंग्रजीही अशीच होती. तिच्यात आपल्यासारखीच तीन लिंगं होती. 'तो', 'ती' आणि 'ते'. त्यातले 'ते' गटातले काही शब्द अनेकवचनात मुळीच बदलायचे नाहीत. 'शीप' त्यातलाच, 'डियर'ही त्यातलाच. पुढे इंग्रजीतली लिंगं पुसली गेली, 'एस' लावायची रीत सगळीकडे पसरली, पण हे दोनचार शब्द जुन्या वळणावरच राहिले."

"म्हणजे नियम बदलला, पण डियरला कुणी कळवलंच नाही?" अर्णव म्हणाला.

"तसंच समज. पण खरी गंमत पुढेच आहे. त्या काळात डियर म्हणजे हरीण नव्हतंच."

"मग काय होतं?"

"कुठलंही जनावर. लांडगा डियर, कोल्हा डियर, अस्वलही डियर. आजही जर्मन माणूस कुठल्याही प्राण्याला 'टीअर' म्हणतो, डच माणूस 'दीर' म्हणतो. शब्द तोच, एका आईची लेकरं. बर्फातला तो रेनडियर आहे ना, त्यातलं 'डियर' म्हणजे जनावरच. आणि 'विल्डरनेस' हा शब्द फोडून बघा. वाइल्ड, डियर, नेस. रानटी जनावरांचा मुलूख. रोज बोलणाऱ्यालाही आत एक जनावर लपलंय हे माहीत नसतं. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मधलं एक पात्र तर उंदीर-घुशींनाही डियरमध्येच मोजतं."

"आबा," अर्णवला काहीतरी सापडलं होतं, "आपल्याकडे गुरांना ढोर म्हणतात. ढोर आणि डियर! एकच ना?"

मी मनापासून हसलो. पोराचे कान तयार होते. "ऐकायला फार गोड वाटतं. पण अक्षरं जुळली म्हणून सोयरीक होत नाही. शब्दांची पत्रिका खोलवर बघावी लागते. पत्रातलं 'डिअर सर' घे. कानाला अगदी तेच वाटतं, पण त्याचं मूळ 'प्रिय, मोलाचं' या दुसऱ्याच शब्दात आहे. आता खरं नातं सांगू? आपण जनावराला आणखी काय म्हणतो?"

"प्राणी."

"प्राणी म्हणजे?"

"ज्याला प्राण असतो तो."

"आणि प्राण म्हणजे श्वास. ज्याचा श्वास चालू आहे तो प्राणी. आता 'अ‍ॅनिमल' घे. तो लॅटिनमधून आला. तिथे 'अ‍ॅनिमा' म्हणजे श्वास. आपल्या 'प्राण'मध्ये जो 'अन्' आहे, श्वास घेणं या अर्थाचा, त्याचा आणि या 'अ‍ॅनिमा'चा वंश एकच. आणि डियर? भाषेचे अभ्यासक त्याचंही मूळ श्वास घेण्यातच शोधतात. तीन शब्द, तीन वाटांनी आलेले. पण कधीकाळी माणसानं अंधारात कान दिला असेल आणि झाडीत कुणीतरी श्वास घेतंय एवढंच त्याला कळलं असेल. त्यावरूनच त्यानं नाव ठेवलं."

दोघंही क्षणभर गप्प झाले. गोठ्यात आमचा बैल फुसफुसत होता. तो रोजच फुसफुसतो, पण त्या रात्री पोरांनी तो पहिल्यांदा ऐकला.

"मग सगळ्या जनावरांचा शब्द एकट्या हरणाला कसा मिळाला?" सईनं विचारलं.

"त्याला राजे जबाबदार. १०६६ साली फ्रान्सच्या किनाऱ्यावरून नॉर्मन लोक आले आणि इंग्लंड जिंकून बसले. त्यांच्या राजाला शिकारीचं भारी वेड. १०७९च्या सुमारास त्यानं दक्षिणेत एक मोठं रान स्वतःच्या शिकारीसाठी राखलं. त्याला 'न्यू फॉरेस्ट' म्हणतात. नाव न्यू, वय साडेनऊशेच्या घरात! त्या काळात 'फॉरेस्ट' म्हणजे झाडी नव्हे, राजाचा शिकारीचा कायदा जिथे चालतो ती जागा. तिथलं हरीण गरिबानं मारलं तर कडक शिक्षा. रॉबिन हूडच्या गोष्टीत तो राजाची हरणं मारतो ते आठवतं ना? त्याचं मूळ यातच आहे. एकीकडे फ्रेंचमधून 'बीस्ट' आला, मागून 'अ‍ॅनिमल' आला. जनावरांसाठी नवे शब्द मिळाले. दुसरीकडे 'आज डियर मारलं' म्हणजे हरीणच मारलं, हे सगळ्यांना न सांगता कळायला लागलं. ज्याची सगळ्यात जास्त शिकार, तेच 'जनावर'. बाकीचे एकेक करून त्या शब्दातून बाहेर पडले."

"गरीब बिचारं," सई म्हणाली.

"आता असं समजू नकोस की ही इंग्रजांचीच खोड आहे. आपण तेच केलंय. मृग म्हणजे काय?"

"हरीण."

"मग सिंहाला मृगेंद्र का म्हणतात? तो हरणांचा राजा आहे होय? माकडाला संस्कृतात शाखामृग म्हणतात. फांदीवरचं हरीण?"

अर्णव खो खो हसला.

"संस्कृतात मृग म्हणजे आधी कुठलंही रानातलं जनावर. मृगेंद्र म्हणजे जनावरांचा राजा आणि शाखामृग म्हणजे फांदीवरचं जनावर. आणि मृगया म्हणजे शिकार. 'मृग्' या धातूचा अर्थच शोधणं, माग काढणं. केरळात आजही मृगम् म्हणजे कुठलाही प्राणी. तिथल्या प्राणिसंग्रहालयाला मृगशाला म्हणतात. तिथे गेलास आणि हत्ती दिसला तर तक्रार करू नकोस! आणि इराणच्या बाजूला याच शब्दाच्या भावंडाला वेगळंच नशीब मिळालं. तिथे त्याचा अर्थ झाला पक्षी. फारसीत 'मुर्ग'."

"मुर्ग? मुर्ग मुसल्लम?"

"तोच. मृग आणि मुर्ग हे सख्खे चुलत भाऊ. एक रानात राहिला, एक ताटात आला."

तोवर पश्चिमेचा उजेड पुरता विझला होता. मी बोट दाखवलं. क्षितिजाच्या थोडं वर तीन तारे एका ओळीत चमकत होते.

"हा मृग. चार कोपऱ्यांचे चार तारे म्हणजे त्याचे चार पाय. मधले तीन म्हणजे त्याला लागलेला बाण. आणि डावीकडे, जरा वर, तो सगळ्यात तेजस्वी तारा दिसतो ना, तो व्याध. बाण त्यानं मारलाय. ग्रीकांनी नेमक्या याच ताऱ्यांत काय पाहिलं माहितीये? ओरायन नावाचा शिकारी. तेच तारे, पण त्यांना त्यात शिकारी दिसला आणि आपल्याला शिकार."

"मग त्यांचं हरीण कुठे गेलं?"

"शिकाऱ्यानं खाल्लं," अर्णवनं निकाल दिला.

मृग हळूहळू खाली सरकत होता. पुढे हरीण, मागे व्याध, मावळण्याचा क्रमही तोच. "आता थोड्या दिवसांनी हा दिसायचा बंद होईल," मी म्हणालो. "सूर्य त्याच्या घरात जाईल. ७-८ जूनला मृग लागला की शेतकरी आभाळाकडे बघायला लागतो. एका जनावराच्या नावानं अख्ख्या महाराष्ट्राची पेरणी ठरते."

उत्तर आलं नाही. दोघं झोपली होती.

सकाळ

ऊन तापायच्या आत निघालो. तेंदूपानं तोडायला गेलेल्या बायका डोक्यावर गाठोडी घेऊन परतत होत्या. धानाच्या बांध्या कोरड्या ठणठणीत पडल्या होत्या. अर्णव धुऱ्यावरून उड्या मारत पुढे पळत होता. एकाएकी तो थबकला आणि ओरडला, "आबा! हाड!"

हाडच होतं, पण साधं नव्हे. सांबराचं शिंग. माझ्या हातानं दीड हात भरेल एवढं लांब, मातकट तपकिरी, लांबीभर खडबडीत पन्हळी, आणि टोकं मात्र घासून घासून पांढरी, गुळगुळीत झालेली. बुडाशी एक फाटा पुढे वळलेला, शेंड्याला दोन फाटे. एकूण तीन टोकं.

"कुणी मारलं त्याला?" सईचा आवाज बारीक झाला.

"कुणीच नाही. तो मजेत असेल. बूड बघ."

ती वाकली. बुडाशी दाणेदार कडं होतं, हातातल्या गोठासारखं. त्याच्या खाली शिंग जिथे कपाळाला चिकटलेलं असतं ती जागा फुगीर, खरखरीत आणि बारीक छिद्रांची, पावाच्या तुकड्यासारखी दिसत होती. करवतीची खूण नाही, कवटीचा तुकडा नाही.

"हे आपोआप गळलंय. दरवर्षी गळतं आणि दरवर्षी नवं येतं."

"दरवर्षी? एवढं मोठं?"

"मराठीत आपण सांबराच्या डोक्यावर असतं त्यालाही शिंग म्हणतो आणि बैलाच्या डोक्यावर असतं त्यालाही शिंगच. इंग्रजीत इथे दोन शब्द आहेत. बैलाचं ते 'हॉर्न', हरणाचं ते 'अँटलर'. काल हरणाच्या बाबतीत इंग्रजी आपल्यासारखीच निघाली, इथे मात्र ती एक पाऊल पुढे आहे. बैलाचं शिंग म्हणजे आत हाडाचा सुळा आणि वर आपल्या नखाच्या जातीच्या पदार्थाचं टोपण. ते एकदा आलं की जन्मभर राहतं. म्हणून तर पोळ्याला आपण दरवर्षी त्याच शिंगांना रंग देतो. सांबराच्या शिंगाला या पोळ्याला रंग दिलास तर पुढच्या पोळ्याला ते शिंगच नसेल."

अर्णवनं डोळे मोठे केले.

"उन्हाळ्यात सांबर शिंगं टाकतो. मग कपाळावरच्या दोन खुंटांवर नवे कोंब फुटतात. त्यांच्यावर मऊ लव असलेली कातडी असते. इंग्रजीत तिला मखमलच म्हणतात. त्या मखमलीत रक्तवाहिन्या असतात, नसा असतात. हात लावला तर कोमट लागेल, धक्का लागला तर दुखेल. म्हणून त्या दिवसांत नर झाडीतून फार जपून चालतो. वाढ किती वेगानं होते म्हणशील? आपलं नख महिनाभरात साधारण तीन मिलिमीटर वाढतं. मोठ्या जातीच्या हरणांचं शिंग ऐन भरात दिवसाला दोन सेंटिमीटरपर्यंत वाढतं. सस्तन प्राण्यांत इतक्या झपाट्यानं वाढणारं दुसरं हाड नाही."

"त्यासाठी खातो काय तो?"

"खाऊन भागत नाही, हीच तर गोष्ट आहे. इतकं कॅल्शियम चाऱ्यातून एकदम कुठून मिळणार? तो ते स्वतःच्या बरगड्यांतून काढतो. शिंग भरतं आणि बरगड्या पोकळ होतात. पुढे चरून चरून तो ती उसनवारी फेडतो. मग पावसाळ्यानंतर अंगातली नराची संप्रेरकं वाढली की शिंग टणक होतं, मखमलीचं रक्त आटतं, ती फाटून लोंबायला लागते आणि सांबर ती झाडांना घासून काढतो. रानात सालं सोललेली झाडं दिसतात ती अशीच. आता शिंग जिवंत नाही, पण लढाईला तयार आहे. माद्यांसाठी झुंजी होतात. हंगाम संपला की संप्रेरकं उतरतात, बुडाशी हाड झिजतं आणि एक दिवस मान झटकली की शिंग खाली."

सईनं तो पुढे वळलेला फाटा बोटानं दाखवला. "हा डोळ्यांत जात नाही का त्याच्या?"

"तू नेमकं बोट ठेवलंस. अँटलर हा शब्द आधी फक्त याच फाट्याचा होता! जुन्या फ्रेंचमधून तो आला आणि त्याच्या मुळाशी 'डोळ्यांपुढचं' असा लॅटिन अर्थ असावा असं मानतात. काल एक शब्द आकसताना पाहिलास, सगळ्या जनावरांचा एकट्या हरणावर आला. हा उलटा पसरला, एका फाट्याचा अख्ख्या शिंगावर गेला."

"काळवीटाचं शिंगही असंच गळतं?" अर्णवनं विचारलं. गेल्या वर्षी त्यानं अहिल्यानगर जिल्ह्यातल्या रेहेकुरीला काळवीट पाहिले होते.

"नाही. तिथेच तर मेख आहे. पीळदार, फाटे नसलेलं, कधी न गळणारं. ते बैलासारखं हॉर्न. काळवीट, चिंकारा, चौशिंगा, नीलगाय ही मंडळी गाय-शेळीच्या घराण्यातली. मराठीत काळवीटही हरीण, चितळही हरीण. पण इंग्रज चितळाला डियर म्हणेल आणि काळवीटाला 'अँटिलोप'. जवळचं नातं बघायला गेलास तर काळवीट चितळापेक्षा शेळीला जवळचा."

"म्हणजे अँटलर असेल तो डियर, नसेल तो नाही. सोप्पं!" सई म्हणाली.

"एवढं सोपं असतं तर शास्त्रज्ञांना कामच उरलं नसतं. चितळाच्या मादीला शिंगं नसतात, मग ती कोण? चीनमध्ये पाणथळीत राहणारं एक हरीण आहे, त्याच्या नरालाही शिंगं नाहीत, नुसते लांब सुळे आहेत. तरी ते खरं डियर. रेनडियरची मादी मात्र शिंगं मिरवते. नर थंडीच्या सुरुवातीला शिंगं टाकून बसतो आणि मादीची वसंतापर्यंत टिकतात. आता दुसरी बाजू. आपल्या सह्याद्रीत पिसोरी आहे. सशापेक्षा थोडी मोठी, तीनेक किलोची. इंग्रज तिला 'माउस डियर' म्हणतो. पण तिला शिंगं नाहीत आणि हरणांच्या पोटाचे चार कप्पे असतात तिथे तिचे तीनच. हिमालयातला कस्तुरीमृग 'मस्क डियर', पण त्याच्या पोटात पित्ताशय असतं, खऱ्या डियरच्या पोटात नसतं. नावात डियर असूनही दोघं घराण्याबाहेरचे."

"नावावर विश्वास ठेवायचा नाही, असंच ना?"

"नाव ही पाटी आहे. ती माणसानं लावलेली. घरात कोण राहतं हे दार उघडून बघावं लागतं. आणि कधी कधी आत गेल्यावर चक्कर येते. आपलं भेकर माहीत आहे ना, ते कुत्र्यासारखं भुंकणारं? तेही खरं डियर. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात. भेकराच्या मादीत फक्त सहा आणि नरात सात. सस्तन प्राण्यांत याहून कमी कुणाचीच माहीत नाहीत."

ऊन चढायला लागलं होतं. अर्णवनं शिंग दोन्ही हातांनी उचललं. "आबा, घरी नेऊ? भिंतीवर लावू."

"ठेव खाली. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हे घरी नेता येत नाही, गळून पडलेलं असलं तरी. आणि कायदा नसता तरी मी नको म्हटलं असतं. ही बाजू बघ."

शिंगाच्या एका कडेला जोडीजोडीनं बारीक खाचा पडल्या होत्या, छिन्नीनं काढाव्यात तशा.

"हे सायाळीचे दात. साळिंदर म्हणतात तेच. ती रात्री येऊन शिंग कुरतडते. उंदीर कुरतडतात, हरणंसुद्धा चघळतात. सांबरानं बरगड्यांतून काढलेलं कॅल्शियम असं परत रानात वाटलं जातं. एवढी शिंगं दरवर्षी गळतात, तरी रानात शिंगांचे ढीग दिसत नाहीत ते यामुळेच. तू भिंतीवर लावलंस तर कुणाच्या तरी तोंडचा घास जाईल."

अर्णवनं शिंग होतं तिथेच ठेवलं. मग पुन्हा वाकला आणि खाचांची बाजू वर करून ठेवली. "सायाळीला सोपं जावं," तो पुटपुटला.

संध्याकाळ

आमच्या भागात लहान तळ्याला बोडी म्हणतात. रानाच्या कडेला एक जुनी बोडी आहे. मे महिन्यातही तिच्या मधोमध थोडं पाणी टिकून असतं. शिवराम ढोरकी आम्हाला तिथे घेऊन गेला. त्याचं सगळं आयुष्य गुरांमागं रान तुडवण्यात गेलेलं. वारा कुठून येतोय ते त्यानं चिमूटभर माती सोडून पाहिलं आणि आम्हाला उलट्या अंगाला, मोहाच्या बुंध्याआड बसवलं.

"फुसफुस नोका करू जी," तो पोरांना म्हणाला. "बोलायचंच असल तर खालच्या आवाजात बोला. फुसफुशीतला 'स' लय दूर जाते. जनावर त्याच्यानंच बिचकते."

पोरं बसली. अर्धा तास काहीच घडलं नाही. टिटवी ओरडली, बगळा उडाला. अर्णवच्या पायाला मुंग्या आल्या, त्यानं सहन केल्या. मग समोरच्या झाडीत एक पान हललं आणि दुसऱ्या क्षणी तिथे चितळाची एक मादी उभी होती. ती आली कशी, हे कुणालाच दिसलं नाही. तिनं एक पाय उचलून तसाच अधांतरी धरला. कान फिरवले, एक पुढे, एक मागे. मग पाय टेकला. तिच्या मागून दुसरी. मग एक पाडस, पाठीवर ठिपके सांडलेले. मग मागं आणखी काही, आणि सगळ्यात शेवटी एक नर. त्याच्या शिंगांवर मखमल होती. मावळतीचं ऊन मागून आलं की त्या मखमलीची कड सोन्याच्या तारेसारखी पेटायची. सकाळी हातात घेतलेलं ते मेलेलं हाड आणि हे. सईनं माझ्याकडे पाहिलं. तिला काय म्हणायचंय ते मला कळलं.

पहिलीनं मान खाली घातली. पाण्यात वर्तुळं उमटली. इतकी शांतता होती की पाणी ओढल्याचा आवाज आमच्यापर्यंत येत होता आणि मध्ये मध्ये नाकपुड्यांतून सुटणारा श्वास. फुर्र. थांबून पुन्हा फुर्र.

"प्राण," अर्णव अगदी खालच्या आवाजात म्हणाला. काल रात्रीचं बोलणं त्याच्या डोक्यात राहिलं होतं.

एवढ्यात पलीकडच्या अर्जुनावरून वानर खकारलं. सगळ्या माना एकदम वर झाल्या. शेपट्या ताठ, खालचे पांढरे झुबके वर. एकही पाय हलला नाही, एकाही नाकपुडीचा आवाज नाही. त्यांनी श्वास धरला होता आणि त्यांच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर आम्हीही धरला होता. किती वेळ गेला कोण जाणे. वानर गप्प झालं. पहिलीनं कान खाली सोडले आणि पुन्हा पाण्याला तोंड लावलं. एकीनं लावलं तसं सगळ्यांनी लावलं.

सई बोटं दुमडत मोजत होती. ओठ हलत होते. "एक डियर, दोन डियर, तीन डियर..." अकरापर्यंत गेली. मग माझ्या कानाशी तोंड आणून, शिवरामनं सांगितलेल्या खालच्या आवाजात म्हणाली,

"आबा, बरं झालं त्याला 'एस' नाही. 'डियर्स' म्हटलं असतं ना, तर त्या 'स्स'नंच सगळी पळाली असती."

व्याकरणाच्या कुठल्याही पुस्तकात हे कारण सापडणार नाही. चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या माणसानं तिला तिथल्या तिथे दुरुस्त करायला हवं होतं. पण बोलायचं तर कुठे ना कुठे 'स' आला असता, म्हणून मी गप्प बसलो.